सासूबाईंचे शेवटचे दोन दिवस

“माझ्या हातून निघालेल्या वेळापत्रकात चूक दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!”

मिनिटराव हे वाक्य आठवड्यातून किमान दोनदा तरी म्हणत. बस आगाराच्या वेळापत्रक विभागात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटाला लागणार, कुठला ड्रायव्हर कुठे जेवणार, कुठला कंडक्टर कुठे उतरणार, हे सगळं ते टेबलाएवढ्या कागदावर चार रंगांच्या पेन्सिलींनी आखत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. ड्रायव्हरांनी ठेवलेलं मिनिटराव हेच नाव चाललं, आणि त्यांना ते मनातून आवडायचंही. पदवीच ना ती एक प्रकारची!

त्यामुळे बायकोनं कोरियाला जायचा हट्ट धरला तेव्हा मिनिटराव मुळीच घाबरले नाहीत. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरी आल्यावर कोरियन मालिका बघून स्वतःचे बिघडवायची. त्या मालिकांत सारखं एक समुद्रकाठचं शहर दिसायचं. टेकडीवर रंगीबेरंगी घरं, खडकावर समुद्राला चिकटून बांधलेलं देऊळ, भला मोठा मासळीबाजार आणि पाण्यावरून तारेला लटकत जाणारा पाळणा.

“पाच दिवस. तुम्ही, मी आणि आई,” बायको म्हणाली. “जमेल का तुम्हाला ठरवायला?”

“जमेल का?” मिनिटराव खुर्चीतून उठलेच. “अगं, मी रोज एकशे बारा गाड्या हलवतो! तीन माणसं म्हणजे काय?”

आठ दिवसांत आराखडा तयार झाला. दहा-दहा मिनिटांचे चौकोन. देवळासाठी पन्नास मिनिटं, मासळीबाजारासाठी चाळीस, ‘समुद्र पाहून आनंदित होणे’ यासाठी पंचवीस. सासूबाईंच्या तपासणीचाही एक चौकोन होता. प्रवासाच्या विम्यासाठी डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं, छातीला नळी लावली, आणि रिपोर्ट थेट विमा कंपनीला पाठवून दिले. “काय निघालं हो?” असं सासूबाईंनी विचारलं, तर मिनिटराव म्हणाले, “ते सगळं माझ्याकडे सोडा. तुम्ही फक्त समुद्र बघायचा.”

सासूबाई म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या; त्यामुळे अर्ध्या वाक्यावरून पुरं वाक्य ओळखण्याची त्यांना सवय. मागच्या खोलीत राहायच्या. तब्येत ठणठणीत, आवाज त्याहून ठणठणीत. फक्त गुडघे तेवढे रुसलेले.

आणि या गुडघ्यांपाशीच सगळं घोडं अडलं.

पहिले तीन दिवस शहराच्या मध्यभागी राहायचं आणि शेवटचे दोन दिवस समुद्रासमोरच्या एका घरगुती अतिथीगृहात, असं ठरलं होतं. खोली सुंदर होती. पण वरच्या मजल्यावर, आणि खालच्या रस्त्यापासून चौसष्ट पायऱ्या! लिफ्ट नाही. मिनिटरावांनी मालकीणबाईंना पत्र लिहायला घेतलं. त्यांना कोरियन येत नव्हतं, मालकीणबाईंना मराठी. पण मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. इकडून मराठी घाला, तिकडून कोरियन काढा, गिरणीसारखं.

मिनिटरावांनी लिहिलं: “आम्ही तिघे आहोत. मी, पत्नी आणि सासूबाई. शेवटचे दोन दिवस सासूबाईंना शांतपणे समुद्र बघत घालवायचे आहेत. त्यांचे गुडघे गेले आहेत. त्यांना वर नेण्याची काय सोय आहे? नेमकी वेळ कळवावी.”

कामाचं तेवढंच. फाफटपसारा नाही. पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, गिरणीतून निघून मराठीत झालेलं:

“आदरणीय पाहुणे, पत्र वाचून मन जड झाले. आजींचे शेवटचे दोन दिवस आमच्या घरी जाणार हा आमचा मान आहे. आजींना वर नेण्यासाठी माझे पती आणि त्यांचे भाऊ हजर राहतील. दोघे सशक्त आहेत. त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही वर नेले होते. नेमकी वेळ कोण सांगू शकतो? घाई नाही. खिडकी उघडी ठेवू. आजींना कोणती फुले आवडतात?”

“किती माणुसकी आहे बघा!” मिनिटराव स्वतःशीच म्हणाले. त्यांना खटकलं ते एकच वाक्य. नेमकी वेळ कोण सांगू शकतो? म्हणजे काय? मिनिटराव सांगू शकतात! त्यांनी ताबडतोब उलट टपाली कळवलं: “चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वर न्यावे. दहा मिनिटांत आटोपेल असे पाहावे. फुले कोणतीही चालतील.”

यावर तिकडून एक पूर्ण दिवस काहीच आलं नाही. मग एकच ओळ आली: “आपल्या घराण्याचे धैर्य थोर आहे.”

मिनिटरावांनी सगळी पत्रं छापून घेतली आणि जाड निळ्या फायलीत लावली. फायलीत परतीची तिकिटंही होती, पण दोघांचीच. सासूबाईंना विमानतळावर चाकाची खुर्ची हवी म्हणून त्यांचं तिकीट वेगळ्या कागदावर आलं होतं आणि तो कागद मिनिटरावांनी खुर्चीची खात्री करून घ्यायला ऑफिसच्या पिशवीत ठेवला होता. फाइल दिवाणखान्यातल्या टेबलावर राहिली.

त्या दुपारी घरात सासूबाई एकट्याच होत्या. खोलीतला पलंग उंच आहे की बुटका एवढंच बघायला म्हणून त्यांनी फाइल उघडली.

संध्याकाळी मिनिटराव कामावरून आले तर सासूबाई खिडकीशी बसलेल्या. टीव्ही बंद. हे पहिलं नवल.

“जावई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. हे दुसरं. “वर नेताना त्रास नाही ना व्हायचा?”

मिनिटराव मनात म्हणाले, वाचलेली दिसते फाइल. बरं झालं, समजावत बसायला नको.

“छे हो आई! दोन माणसं आहेत, पट्टीची. दहा मिनिटांत वर! मालकिणीच्या सासऱ्यांनाही त्यांनीच नेलं.”

“मग ते... सासरे काही बोलले नाहीत?”

“तक्रार असती तर तिनं लिहिलं असतं ना!”

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “आणि तुम्ही दोघं?”

“आम्ही काय, तुमच्या मागोमाग येतोच!”

“नको हो!” सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. “तुम्ही मुळीच घाई करू नका. सावकाश या. अगदी सावकाश.”

“सावकाश कसं चालेल? अकरा वीस म्हणजे अकरा वीस!”

सासूबाईंनी पदराच्या टोकानं डोळे टिपले. “माझ्या लेकीला ठाऊक आहे हे सगळं?”

“तिला कशाला या बारीकसारीक गोष्टी! मी आहे ना!”

“बरं केलंत,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्याबद्दल मी आजवर बरंच काही बोलले असेन. मनात ठेवू नका.”

मिनिटरावांना वाटलं, परदेशप्रवासाच्या नुसत्या कल्पनेनंच माणूस किती मवाळ होतो!

पण दोन दिवसांत मिनिटरावांना काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. सासूबाईंनी शिलाई मशीन शेजारणीला देऊन टाकलं. कुठली शेजारीण? तर जिच्याशी जिन्यातल्या कुंड्यांवरून त्यांचं चार वर्षं वाजलं होतं, ती! तिच्या गळ्यात पडून वर म्हणाल्या, “कुंड्या तिथेच राहू देत. मला काय करायच्यात आता?” मग कपाट आवरलं. लेकीला जवळ बसवून कुठली चावी कशाची ते तीनदा सांगितलं. लेक बिचारी “हो गं, कळलं” म्हणत मालिकाच बघत होती. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, आमटीत मीठ कमी पडलं आणि सासूबाई काही म्हणाल्याच नाहीत!

मिनिटरावांनी ताट तसंच पुढे सारलं.

त्या रात्री पाणी प्यायला उठले तर मागच्या खोलीतून फोनवरचं बोलणं कानावर आलं. सासूबाई रडत होत्या.

“धाकट्या, थोडेच दिवस राहिलेत रे माझे... नाही, लेकीला माहीत नाही. तिला कळू देऊ नकोस.”

धाकट्या! म्हणजे मामा! सासूबाईंचा सख्खा भाऊ, ज्याच्याशी त्या गेली अकरा वर्षं एक अक्षर बोलल्या नव्हत्या! त्यांच्या वडिलांचा जुना रेडिओ कुणी पाडून फोडला यावरून दोघांचं जे तुटलं ते तुटलंच होतं.

मिनिटरावांनी पेला तसाच खाली ठेवला. म्हणजे सासूबाईंना काहीतरी झालंय. त्यांना ते ठाऊक आहे. आणि त्या ते घरापासून लपवताहेत. तो शिलाई मशीनचा प्रकार, त्या चाव्या, ती आमटी! सगळे फलाट एका क्षणात उजळले.

बायकोला सांगावं? छे. तिला कळू द्यायचं नाही, असं खुद्द तिची आईच म्हणत होती. मिनिटराव सकाळी आगारात जायच्या आधी डॉक्टरांकडे धावले.

“डॉक्टर, माझ्या सासूबाईंना काय झालंय?”

“पेशंटची माहिती मला अशी बाहेर सांगता येत नाही हो. त्यांनाच विचारा.”

“म्हणजे काहीतरी आहे!”

“या वयात प्रत्येकालाच काही ना काही असतं,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मिनिटराव तिथून आगारापर्यंत कसे पोचले ते त्यांना आठवत नाही. टेबलावर नवा कागद पसरला. पेन्सिली हातात घेतल्या. पण लाल रेघ मारली की सासूबाई दिसायच्या, हिरवी मारली की सासूबाई दिसायच्या. लग्न झालं तेव्हा त्यांना स्वतःची आई नव्हती. ऑफिसातून उशीर झाला की “अजून कसे आले नाहीत?” असं विचारणारं माणूस म्हणजे याच. दारात उभं राहून टोमणा मारायच्या, पण ताट झाकून ठेवलेलं असायचं.

दुपारी फलाटावर गलका झाला. सात-आठ ड्रायव्हर नव्या वेळापत्रकासमोर उभे होते.

“मिनिटराव,” सात नंबरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकावून म्हणाला, “माझी गाडी आगारात येते दहा चाळीसला आणि निघते दहा तीसला.”

“मग?”

“मग मधली उलटी दहा मिनिटं मी काढू कुठं?”

मागून दुसऱ्यानं ओरडून सांगितलं की तीन नंबरच्या फलाटावर एकाच वेळी तीन गाड्या आहेत, एकावर एक रचायच्या का? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मिनिटरावांनी स्वतःच्या हातानं स्वतःचा कागद भिंतीवरून उतरवला. कुणी हसलं नाही. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी सहलीचा आराखडा बाहेर काढला आणि रबर घेऊन बसले. टेकडीवरची रंगीत घरं? चढ आहे, खोडा! मासळीबाजार? गर्दी, खोडा! पाण्यावरचा पाळणा? नकोच बाई, खोडा! रिकाम्या झालेल्या चौकोनांत त्यांनी जपून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: आराम. आराम. आराम. चौथ्या दिवसाच्या अकरा तीसच्या पुढे दिवसभर एकच मोठा चौकोन आखला आणि त्यात लिहिलं: “पूर्ण विश्रांती.” मग तो कागद फ्रिजवर चिकटवला, म्हणजे आईंना बरं वाटेल!

सासूबाईंनी तो वाचला. “अकरा तीसपासून का?” एवढंच म्हणाल्या आणि खोलीत जाऊन पडल्या.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. बायकोनं दार उघडलं. दारात मामा, मामी, दोन बॅगा.

“मामा? तू? इकडे?” बायकोला आनंद करावा की घाबरावं ते कळेना.

मामानं तिला मिठी मारली आणि हुंदका दिला. “पोरी, धीर धर.”

“कशाचा धीर?”

मामी म्हणाली, “अहो, हिला माहीत नाहीये! तुम्हाला बजावलं होतं ना!”

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. अकरा वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर! मामा तर सोफ्यावर बसून ढसाढसा रडायलाच लागला. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या.

“धाकट्या, एक सांगायचं राहिलंय. सांगून मोकळी होते. बाबांचा रेडिओ तू नाही पाडलास. माझ्या हातून पडला. मी तुझं नाव घेतलं.”

“जाऊ दे गं ताई,” मामा नाक पुसत म्हणाला. “आता रेडिओ काय घेऊन बसलीस! तू राहणार नाहीस, तर रेडिओला काय जाळायचंय?”

“राहणार नाही म्हणजे?” बायको किंचाळली. “आई कुठे जाणार आहे? अहो! तुम्ही का गप्प? तुम्हाला काय माहितीय?”

मिनिटरावांना आता राहवेना. “आई आजारी आहेत!” ते म्हणाले. “त्या आपल्यापासून लपवताहेत. मी सगळे चढ खोडले, पाळणा खोडला. अजून काय खोडू ते सांगा!”

सासूबाईंनी झटकन मान वर केली. “मी लपवतेय? लपवताय तुम्ही! रिपोर्ट माझ्यापासून दडवलेत तुम्ही!”

“मी? मला तर डॉक्टरांनी काही सांगितलंच नाही!”

“मग मला वर न्यायची वेळ कुणी ठरवली? अकरा वाजून वीस मिनिटं! मी डोळ्यांनी वाचलंय! अहो, मेल्यालाही कुणी इतकी नेमकी वेळ देत नाही!”

बायकोनं टेबलावरची निळी फाइल ओढली. धंदाच तिचा बारीक अक्षरं वाचायचा. पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. “त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही वर नेले होते” इथे ती थांबली, परत मागे गेली. मग अकरा वीसचं वाचलं. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल आणि मग असा काही झाला की मामीला वाटलं हिलाच चक्कर येतेय.

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली. “वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे... वरच्या मजल्यावर! चौसष्ट पायऱ्या आहेत!”

“आणि शेवटचे दोन दिवस?”

“सहलीचे! दुसरे कसले असणार?”

सासूबाईंनी फाइल हिसकावून घेतली.

“परतीची तिकिटं दोनच का मग?”

मिनिटराव धावत जाऊन ऑफिसची पिशवी घेऊन आले. चाकाच्या खुर्चीचा कागद पुढे धरला. कागदावर सासूबाईंचं पूर्ण नाव होतं, आणि शेजारी परतीची तारीख. सासूबाईंनी ती तारीख दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“म्हणजे मला काही झालेलं नाही?”

“गुडघे सोडले तर काही नाही, आई! मला तर तुमच्या वागण्यावरूनच तसं वाटलं!”

बायको हसता हसता जमिनीवरच बसली. मामी हसली. मामा मात्र हसला नाही. तो सोफ्यावर ताठ बसला होता.

“ताई,” तो म्हणाला, “म्हणजे तू मरत नाहीयेस.”

“नाही रे बाबा!”

“आनंद आहे. पण मग रेडिओ तूच पाडलास ना?”

सासूबाईंनी पदर नीट केला. “ते मी... मनाच्या त्या अवस्थेत काहीतरी बोलून गेले.”

“सगळ्यांसमोर बोललीस! अकरा वर्षं मी कुठल्या नातेवाइकाकडे मान वर करून गेलो नाही!”

“तो तसाही खरखरच करत होता!”

“अस्सं! म्हणजे पाडलास!”

पुढे अर्धा तास त्या घरात जे भांडण झालं ते इतकं जोरदार आणि इतकं सुखाचं होतं की जिन्यातली शेजारीण दारात येऊन गेली. तिला पाहून सासूबाईंनी मशीन परत मागायची संधी सोडली नाही. शेजारणीनंही संधी सोडली नाही. मशीन देते म्हणाली, पण कुंड्या तिथेच राहतील.

चहा झाला, मामा-मामींनी रात्री इथेच राहायचं ठरलं. सासूबाई मिनिटरावांच्या शेजारी येऊन बसल्या. फ्रिजवरचा कागद त्यांच्या हातात होता.

“पाळणासुद्धा खोडलात?”

“मला वाटलं, दमाल.”

“आणि आगारात म्हणे गाड्या येण्याआधीच निघाल्या. सात नंबरचा ड्रायव्हर भाजीच्या दुकानात भेटला होता. मला म्हणाला, साहेबांना घरी काही आहे का?”

मिनिटराव खाली बघत राहिले. “सुचत नव्हतं हो काही.”

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. “वेडे आहात. रबर द्या इकडे. आणि पेन्सिलही.”

“पेन्सिल कशाला?”

“हा कागद आता माझ्याकडे.”

बायकोनं तोवर मालकीणबाईंना साध्या, सुट्या वाक्यांत खुलासा पाठवला होता. उत्तर लगेच आलं: “आजी जगणार! आम्ही सर्व रडलो. पती व भाऊ अजूनही तयार आहेत. फुले सांगून झाली आहेत, ती आता स्वागताला.”

सासूबाई दहा मिनिटांत आराखडा घेऊन आल्या. एकही चौकोन नव्हता. पाच ओळी होत्या:

पहिला दिवस – पोचू.
दुसरा – बघू.
तिसरा – आवडलं ते पुन्हा बघू. पाळणा नक्की.
चौथा – समुद्राशी बसू.
पाचवा – परत येऊ, सगळे.

‘सगळे’च्या खाली दोन रेघा होत्या.

मिनिटरावांना घाम फुटला. “आई, निदान सकाळी उठायचं किती वाजता तेवढं तरी...”

“जाग आली की.”

“आणि जेवण?”

“भूक लागली की.”

सासूबाई खोलीकडे वळल्या. मिनिटरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे मामाच्या बॅगा उचलण्यात गुंतले होते. त्यांनी हळूच निळी पेन्सिल काढली आणि ‘पोचू’च्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: दु. २.१०.

“जावई!” मागच्या खोलीतून आवाज आला. “खोडा ते!”